लक्ष देणे आणि लक्ष ठेवणे: सजग पालकत्वाला संस्कृती कसा आकार देते

पंचवटीतील एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर मागच्या हिवाळ्यात पाहिलेला एक प्रसंग या विषयाच्या आरंभी सांगावासा वाटतो. आजी परात पुढे घेऊन मेथीची जुडी निवडत बसल्या होत्या आणि शाळेतून आलेला त्यांचा सात वर्षांचा नातू खांद्यावरचे दप्तर न काढताच वर्गातल्या भांडणाची हकिगत सांगत होता. आजींचे डोळे मेथीवर होते. पाने परातीत आणि काड्या कागदावर पडत होत्या. पण दर दोन वाक्यांनंतर त्यांचा "हं, मग?" येत होता, आणि मुलाने मधली एक गोष्ट गाळली तेव्हा हात न थांबवता त्यांनी विचारले, "आणि त्याची पाण्याची बाटली कोणी फेकली, ते नाही सांगितलंस?" मुलगा क्षणभर गप्प झाला, त्याने दप्तर खाली ठेवले, आजींच्या शेजारी बसून मेथीची एक काडी उचलली, आणि मग खरे काय घडले ते सांगायला सुरुवात केली.

सजग पालकत्वावरच्या बहुतेक मार्गदर्शनात असे सांगितलेले असते, की मूल बोलू लागले की हातातले काम बाजूला ठेवावे, त्याच्या उंचीपर्यंत खाली वाकावे आणि त्याच्या डोळ्यांत पाहून ऐकावे. या मोजपट्टीने त्या आजी मुलाकडे नीट लक्ष देत नव्हत्या असेच ठरेल. प्रत्यक्षात मात्र त्यांनी इतके नीट ऐकले होते, की न सांगितलेली गोष्टही त्यांच्या ध्यानात आली. मोजपट्टी आणि वास्तव यांच्यातले हे अंतर कुठून येते, हे समजून घेणे हाच या लेखाचा विषय आहे.

सजग पालकत्व म्हणजे मुलाशी वागताना सवयीने किंवा रागाच्या भरात प्रतिक्रिया न देता, त्या क्षणी मुलाच्या आणि आपल्या मनात काय चालले आहे याचे भान ठेवून वागणे. आज ही कल्पना ज्या रूपात आपल्यापर्यंत पोहोचते, ते रूप अमेरिकेत घडले. जॉन कबात-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखणी आणि ताण असलेल्या रुग्णांसाठी सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि 1997 साली त्यांनी व त्यांच्या पत्नी मायला यांनी मिळून हाच विचार पालकत्वाला लावणारे पुस्तक लिहिले. पुढे 2009 साली लॅरिसा डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कल्पनेचे पाच भाग पाडले: पूर्ण लक्ष देऊन ऐकणे, स्वतःला आणि मुलाला दोष न देता स्वीकारणे, दोघांच्याही भावनांची जाणीव असणे, स्वतःच्या प्रतिक्रियेवर ताबा ठेवणे, आणि दोघांबद्दलही करुणा बाळगणे. या विषयावरचे बरेचसे संशोधन याच मांडणीच्या आधाराने झाले आहे.

या साऱ्या कल्पनेचे मूळ असलेला शब्द मात्र आपल्या अगदी जवळचा आहे. पाली भाषेतील 'सति' आणि संस्कृतातील 'स्मृति' हे एकाच मुळाचे शब्द असून बौद्ध परंपरेत 'सति' म्हणजे जागरूक भान. नाशिक जिल्ह्यातच, इगतपुरीच्या धम्मगिरीवर, सत्यनारायण गोयंका यांनी 1976 पासून विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे सुरू केली. ही साधना ते ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून शिकले होते. त्या परंपरेत सजगता ही शील आणि नीतीपासून वेगळी काढता येत नाही; अमेरिकेतल्या रुग्णालयात ती नेताना धार्मिक चौकट बाजूला ठेवण्यात आली आणि ताण कमी करण्याचे साधन म्हणून ती मांडली गेली. म्हणजे आपल्याकडे परत येणारी सजगता एका संस्कृतीतून दुसरीत जाऊन, तिथला पोशाख घालून आलेली आहे, आणि त्या पोशाखात तिथल्या घरांची रचना, तिथली कुटुंबे आणि चांगल्या मुलाविषयीच्या तिथल्या कल्पना विणलेल्या आहेत.

संस्कृती पालकत्वात नेमकी कुठून शिरते, याचे उत्तर सारा हार्कनेस आणि चार्ल्स सुपर यांनी 1986 साली फार सोपे करून दिले. प्रत्येक मूल तीन गोष्टींनी बनलेल्या एका कोनाड्यात वाढते, असे त्यांनी सांगितले: मूल ज्या जागेत आणि ज्या माणसांत राहते ती परिस्थिती, मुलांना सांभाळण्याच्या रूढ पद्धती, आणि मूल म्हणजे काय, ते कसे वाढते याविषयी पालकांच्या मनात असलेल्या समजुती. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत प्रभावी आणि सर्वांत कमी दिसणारी आहे, कारण ज्याला आपण समजूत म्हणतो तीच आतून पाहणाऱ्याला उघड सत्य वाटते.

रूढ पद्धतीचे उदाहरण म्हणून तान्ह्या बाळाची आंघोळ पाहावी. पाटावर पाय लांब करून बसलेली बाई बाळाला पोटऱ्यांवर पालथे घेते, पाठीला आणि मांड्यांना तेल जिरवते, टाळू भरते, ऊन पाण्याचे तांबे एका लयीत घालते आणि शेवटी मऊ जुन्या सुती साडीत गुंडाळून आजीच्या हातात देते. या अर्ध्या तासात बाळाशी शब्दांनी फारसे बोलणे होत नाही, पण स्पर्श अखंड असतो. हायडी केलर या जर्मन संशोधिकेने जर्मनीतील शहरी माता, कॅमेरूनमधील न्सो शेतकरी माता आणि गुजरातेतील माता यांच्या वागण्याची तुलना करताना हाच फरक टिपला: काही समाजांत बाळाशी नाते मुख्यतः अंगस्पर्शातून जोडले जाते, तर काही समाजांत समोरासमोर पाहून, बोलून आणि खेळणी दाखवून. दोन्हींत पूर्ण लक्ष असू शकते. ते फक्त शरीराच्या वेगळ्या भागांतून व्यक्त होते. (इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आंघोळीच्या वेळी बाळाच्या नाकाकानांत तेल घालणे आणि नंतर कोंदट खोलीत धुरी देणे, या दोन्ही गोष्टी बाळाला अपायकारक आहेत आणि डॉक्टर त्यांना मनाई करतात, ती ऐकावी. मालिश आणि स्पर्श ठेवून तेवढा भाग वगळता येतो.)

आता लक्षाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. मराठीत 'लक्ष देणे' आणि 'लक्ष ठेवणे' हे दोन वेगळे प्रयोग आहेत. आपण अभ्यासात लक्ष देतो आणि बाळावर लक्ष ठेवतो. पहिल्यात मन एका ठिकाणी गोळा झालेले असते. दुसऱ्यात ते पसरलेले, पण जागे असते. बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या फरकावर नेमका प्रकाश टाकतो. त्यांनी ग्वाटेमालातील सान पेद्रो हे माया लोकांचे गाव, राजस्थानातील धोल की पट्टी हे आदिवासी गाव, तुर्कस्तानातील एक शहरी वस्ती आणि अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी अशा चार ठिकाणी एक ते दोन वर्षांची मुले आणि त्यांना सांभाळणारी माणसे नव्या वस्तू कशा हाताळतात ते पाहिले. शहरी मध्यमवर्गीय कुटुंबांत लक्ष आळीपाळीने जात असे: आधी मूल, मग पाहुणा, मग पुन्हा मूल. दोन्ही गावांत मात्र माता आणि त्यांची छोटी मुलेसुद्धा अनेक गोष्टींकडे एकाच वेळी, कुठेही खंड न पडू देता लक्ष ठेवू शकत होती. हे बेसावधपण नव्हते. लहानपणापासून माणसांच्या गर्दीत वाढल्यामुळे आलेले ते कौशल्य होते.

निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागेत छाटणीच्या दिवसांत गेलात तर हेच कौशल्य तुम्हाला दिसेल. पेठ आणि सुरगाण्याकडून कामाला आलेल्या कुटुंबाने बांधावरच्या लिंबाला झोळी बांधलेली असते, झोळीची दोरी सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या हातात असते, आणि आई दोन ओळी पलीकडे काम करत असते. झोळीतला आवाज बदलला, की आई मान न वळवता हाक मारून मुलीला सांगते, "त्याला पाणी पाज गं." तिला भुकेचे रडणे आणि कंटाळ्याचे रडणे यांतला फरक त्या अंतरावरूनही कळतो. या आईला 'रोज वीस मिनिटे सगळी कामे बाजूला ठेवून फक्त मुलासोबत बसा' असा सल्ला देणे व्यर्थ तर आहेच, शिवाय तिच्याकडे आधीच असलेल्या सजगतेचा तो अनादरही आहे. तिला खरी गरज आहे ती पाळणाघराची, सावलीची, आणि झोळीची दोरी धरणाऱ्या त्या मुलीला शाळेत जाता यावे याची. पालकत्वाचे पुष्कळसे प्रश्न पालकांच्या मनात नसून त्यांच्या कामाच्या तासांत आणि मजुरीच्या दरात असतात, आणि सजग पालकत्वाच्या चर्चेत ही बाब फार कमी वेळा येते याचे मला वाईट वाटते.

दुसरा मोठा मुद्दा आज्ञेचा. डायना बॉमरिंड यांनी 1960 च्या दशकात अमेरिकेत पालकत्वाच्या तीन शैली सांगितल्या: धाक दाखवणारी, शिस्त आणि ऊब दोन्ही असलेली, आणि पूर्ण मोकळीक देणारी. यांतली मधली सर्वांत चांगली ठरली. पण 1994 साली रूथ चाओ यांनी अमेरिकेत राहणाऱ्या चिनी मातांचा अभ्यास करून दाखवले, की त्या मातांना 'धाक दाखवणाऱ्या' या कप्प्यात टाकले, तर त्यांच्या वागण्याचा अर्थच हरवतो. चिनी भाषेतील 'ग्वान' या शब्दात ताबा ठेवणे आणि जपणे हे दोन्ही अर्थ एकत्र आहेत. मराठीत याच्या जवळचा शब्द आहे 'वळण'. वळण लावणारी आई कडक असते, पण ते लावण्यासाठी ती रोज मुलाच्या शेजारी बसते, चुकलेले अक्षर पुसून पुन्हा काढायला लावते, आणि 'हिला वळण नाही' हा शेरा मुलीपेक्षा स्वतःवर आला असे मानते. वळण लावणे म्हणजे अंतर ठेवून हुकूम सोडणे नाही, ती सोबत आहे.

मूल कसे असावे याची कल्पना किती जुनी असू शकते, याचा एक पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेला आहे. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेने आपला दिवंगत मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याच्याविषयी सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी प्राकृत भाषेत लेख कोरवून घेतला. त्यात त्याच्या पराक्रमाची आणि जिंकलेल्या प्रदेशांची नावे आहेत, आणि त्याच यादीत तो आईची सेवा कधीही खंडित न होऊ देणारा होता, असेही आहे. प्रजेच्या सुखदुःखात तो समान वाटेकरी होता, असेही आहे. ज्या समाजात आई आपल्या मुलाचा गौरव त्याने जोडलेल्या आणि सांभाळलेल्या नात्यांनी करते, तिथे पालकत्वाचे ध्येय 'मूल स्वतःच्या पायावर उभे राहावे' एवढेच राहत नाही. 'मूल आपल्या माणसांना धरून राहावे' हे त्याच्या बरोबरीने येते. म्हणून मुलाला दोष न देता स्वीकारणे याचा अर्थ आपल्या घरांत 'तू जसा आहेस तसा मला चालतोस' एवढ्यावर संपत नाही. 'तू आमचा आहेस, म्हणून चुकलास तर सांगणार' हेही स्वीकाराचेच रूप असते.

मात्र इथेच सावध राहायला हवे, कारण संस्कृतीच्या नावाखाली मारहाणही खपवली जाते. जेनिफर लान्सफोर्ड आणि सहकाऱ्यांनी 2005 साली चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपिन्स आणि थायलंड या सहा देशांतील माता आणि मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मारणे जिथे सर्रास चालते आणि मुलांनाही ते नेहमीचे वाटते, तिथे मारामुळे मुलांत येणारी आक्रमकता आणि चिंता यांचे प्रमाण तुलनेने कमी दिसले. पण ते शून्य झाले नाही. रूढी मारण्याचा घाव थोडा बोथट करते, घाव टाळत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास बंदी घातली आहे. घराच्या उंबऱ्याआत ती जबाबदारी आपली आहे. 'आम्हीही मार खाऊनच मोठे झालो' या वाक्यावर थांबून विचार करणे, ही माझ्या मते मराठी घरातल्या सजगतेची पहिली कसोटी आहे.

भावनांच्या बाबतीत मात्र आपल्या भाषेने आपल्याला मोठी दौलत दिली आहे आणि तिचा उपयोग आपण करत नाही. मुलाला त्याच्या भावनेचे नाव सांगावे, असा सल्ला सगळीकडे दिला जातो, आणि मग भिंतीवर चार चेहऱ्यांचा तक्ता लागतो: आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला. मराठी मूल मात्र हिरमुसते, खट्टू होते, ओशाळते, वरमते, बावरते, भेदरते, धुसफुसते आणि रुसते. यांतला रुसवा विशेष विचार करण्याजोगा आहे. रुसणे म्हणजे रागावणे नव्हे. ज्याच्यावर आपला हक्क आहे आणि जो आपली समजूत काढायला येईल अशी खात्री आहे, त्याच्यावरच माणूस रुसतो. परक्यावर कोणी रुसत नाही. दिवाणाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेले आणि 'मला नाही जेवायचं' म्हणणारे मूल खरे तर एक निमंत्रण देत असते. अशा वेळी 'तू रागावला आहेस असे मला दिसते' हे भाषांतरित वाक्य निर्जीव वाटते. एखादी आत्या किंवा काका येऊन ताटातला पहिला घास हातात घेऊन शेजारी बसतो, रुसव्याचे कारण लगेच विचारत नाही, आणि दहा मिनिटांनी मूल आपणहून बोलू लागते. समजूत काढणे ही आपल्याकडची परंपरेने चालत आलेली सजग कृती आहे, आणि ती बहुधा ज्याच्याशी भांडण झाले त्याच्याऐवजी घरातले दुसरेच माणूस करते. चौकोनी कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये हे दुसरे माणूसच नसते, हा आजच्या नाशिकमधल्या अनेक पालकांचा खरा पेच आहे.

उलट बाजूने, आपल्या भाषेत मुलांच्या भावना दाबणारी वाक्येही तयारच असतात. 'मुलीसारखा रडतोस काय' हे वाक्य एकाच वेळी मुलाला रडू नकोस सांगते आणि मुलीला कमी लेखते. 'डोळे वर करून बोलू नकोस' हे दुसरे. मोठ्यांच्या डोळ्यांत न पाहणे हा जिथे आदर मानला जातो, तिथे डोळ्यांत पाहून बोलण्यावर उभारलेले संवादाचे तंत्र मुलाला अवघडून टाकू शकते. मग ओसरीवरच्या आजींसारखे हाताला काम आणि तोंडी हुंकार हेच बोलते करण्याचे चांगले साधन ठरते.

स्वतःबद्दलच्या करुणेचा भाग आपल्याकडे सर्वांत अवघड जातो. मराठी आईचे आदर्श चित्र सोशिकतेचे आहे. तिने स्वतःची चूक माफ करावी, थकल्यावर बसावे, हे तिला स्वार्थ वाटते, आणि 'स्वतःवर दया करा' असे म्हटले तर त्यातून कीवच ऐकू येते. पौर्वात्य समाजांत ही करुणा आपोआप असते, असे काही जण समजतात; ते बरोबर नाही. क्रिस्टिन नेफ आणि सहकाऱ्यांनी 2008 साली थायलंड, तैवान आणि अमेरिका यांची तुलना केली, तेव्हा ती थायलंडमध्ये सर्वांत जास्त आणि तैवानमध्ये सर्वांत कमी आढळली. अमेरिका दोन्हींच्या मध्ये होती. आशियातलेच दोन देश दोन टोकांना होते. मग आपल्या घरी काय बोलावे? मला वाटते, जे आई शेजारणीला सहज म्हणते, ते तिने स्वतःला म्हणावे: "दमलीस गं, बस जरा."

एका संस्कृतीतली कल्पना दुसरीत जशीच्या तशी बसते का, हा प्रश्न संशोधकांनाही चुकलेला नाही. सजग पालकत्व मोजण्याची डंकन यांची प्रश्नावली डच, पोर्तुगीज आणि हाँगकाँगच्या चिनी भाषेत नेली गेली, तेव्हा तिच्यातील प्रश्नांचे गट सगळीकडे सारखे पडले नाहीत. साधन परके असेल तर ते जसेच्या तसे न वापरता आपल्या मातीत रुजवावे लागते, हे महाराष्ट्राला नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि मग डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर मॉन्टेसरींची शिक्षणपद्धती आदिवासी मुलांपर्यंत नेली, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी खडे, शिंपले, पाने आणि बिया आल्या, आणि मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली गेली. तत्त्व तेच राहिले, वस्तू बदलल्या.

सजग पालकत्वाचेही असेच करता येईल. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारी आई सकाळी मूल उठण्याआधी घर सोडते आणि दुपारी थकून येते. तिने वेगळा 'मुलाचा वेळ' शोधण्यापेक्षा दिवेलागणीचा वेळ धरावा. देवापाशी दिवा लावणे, शुभंकरोती म्हणणे ज्या घरांत आहे तिथे घर आपोआप दोन मिनिटे शांत होते. जिथे नाही तिथे भाजी निवडणे किंवा कपड्यांच्या घड्या घालणे चालेल. फोन दुसऱ्या खोलीत राहावा, हात कामात असावेत, आणि मुलाच्या बोलण्याला हुंकार द्यावा. सल्ला लगेच देऊ नये. घरात आजी-आजोबा असतील तर आठवड्यातून एकदा मोठ्यांनी आपसांत, मुलासमोर नव्हे, एवढे ठरवावे, की कोणत्या दोन-तीन गोष्टींत सगळे एकच उत्तर देतील, आणि बाकीच्यांत आजीचे लाड आजीचेच राहू द्यावेत. ज्या घरात दुसरे माणूस नाही, तिथे शेजारच्या काकूंना समजूत काढण्याचा मान देऊन पाहावा. पुष्कळ काकूंना तो हवाच असतो, कोणी मागत नाही, म्हणून त्या दारातूनच विचारतात, "का गं, आज पिल्लू एवढं गप्प का?"